शाल

दांडिया बाजारातलं सभागृह. पंखे तीन, चालू दोन.
माईकचा दांडा खाली येईना,
तेव्हा शरयूताई दिघ्यांनी नेहमीसारखं
आपलं लाकडी स्टूल पुढे ओढलं.
सत्तावीस वर्षं स्कूटरच्या पुढ्यात बसून फिरलेलं.

बँकेत, वीजबिलाला, रावपुऱ्याच्या पोस्टात
त्या आधी स्टूल ठेवायच्या, मग अर्ज.
"आमची उंची कसली मोजता, साहेब?
खिडकीची मोजा."

अकराव्या वर्षी पोस्टातल्या खिडकीखाली
पायरी आली. सिमेंटची, जराशी तिरकी.
नारळ नाही, फीत नाही.
ताई चढल्या, एक अंतर्देशीय घेतलं,
तिथेच लिहून पेटीत टाकलं.
मी शेजारीच उभा.
तिसऱ्या दिवशी ते माझ्याच दारात:
"हात पोचला."

आज शाल पांघरली तर टोकं जमिनीवर.
पाहुणे ओशाळले.
ताई म्हणाल्या, "कात्री आहे का कुणाकडे?"
अर्धी शाल गेली
शेवटच्या रांगेत, आईच्या पदराआड बसलेल्या,
पहिल्यांदाच आलेल्या हेतलच्या खांद्यावर.
तिला ती बरोब्बर झाली.

खजिनदार मी. रात्री वहीत लिहिलं:
शाल एक, रुपये तीनशे चाळीस.
सत्कार दोन.
स्टूल ताई परत घेऊन गेल्या,
सोमवारी कलेक्टर कचेरीत लागणार आहे.