जर्नलचं मागचं पान

एकूण सामने अकरा.
हे आधीच सांगते, म्हणजे करिअर हा शब्द ऐकून
तुम्ही उगाच खुर्चीत सावरून बसणार नाही.

कुर्ल्याच्या मॉलमध्ये तिसऱ्या मजल्यावर
होता आमचा बर्फ, बॅडमिंटनच्या दोन कोर्टांएवढा.
दिवसा त्यावर वाढदिवसाची पोरं पडायची.
रात्री अकराला सरकते जिने थांबले
की वॉचमन दुखंडे मागचं दार उघडायचे
आणि आम्ही चढायचो त्या मेलेल्या पायऱ्या,
खांद्यावर गाठोडी, चोरांसारख्या.
तासाला अठराशे. नऊ जणींत दोनशे.
झैनबकडे नसायचे, तेव्हा सव्वादोनशे.

नोरोन्हा सर बोटीवर इंजिनियर होते.
कुठल्याशा गोठलेल्या बंदरात बोट दीड महिना अडकली,
तिथे त्यांनी हा खेळ पाहिला. पाहिला फक्त.
तेवढ्या भांडवलावर आम्हाला उभं केलं.
मला म्हणाले, चुरी, तुझं स्केटिंग कच्चं,
पण तू घाबरत नाहीस. गोलात जा.
घाबरायचे की. फक्त हलायचे नाही.
लांबून दोन्ही सारखंच दिसतं.

पॅड धारावीत शिवले. मुरारीकाकांनी
यष्टिरक्षकाचे दोन जोड उसवून एक केला,
आत जुन्या गादीचा फोम.
विचारलं, समोरून काय येणारे?
मी पक हातात दिला. त्यांनी तो टेबलावर आपटून बघितला
आणि न बोलता आणखी एक थर घातला.
त्याचे पैसे घेतले नाहीत.

बर्फ परवडेना त्या महिन्यांत पालिकेचा कृत्रिम तलाव.
विसर्जनाचे दिवस सोडले तर कोरडा ठणठणीत,
चाकांचे स्केट बांधून आत उतरायचं.
एकदा कोपऱ्यात सोंडेचा तुकडा निघाला.
हर्षलानं तो कडेच्या कण्हेरीखाली ठेवला,
हात पुसले, म्हणाली,
चला, टाका.

मग जानेवारीत लेह.
तिथला बर्फ रात्री बोलतो, हे कुणी सांगितलं नव्हतं.
तळ्याच्या पोटात कुणी कपाट सरकवतंय
असा आवाज, आणि सकाळी पुन्हा सपाट, गप्प.
तिकडच्या मुली पाण्याला निघाल्यासारख्या
सहज येत होत्या माझ्या अंगावर.
चौदा-शून्य.
चौदा लिहिले गेले वहीत, वेळेसकट, नावासकट.
अडवलेले लिहायला रकानाच नव्हता.
रात्री बोटं काखेत गरम करून
संख्याशास्त्राच्या जर्नलच्या मागच्या पानावर
मी लिहिलं: ३७.

पुढे ४१. २९. पुन्हा २९.
नववा सामना जिंकलो आम्ही.
त्या दिवशी माझ्यापर्यंत सहाच आले.
सगळ्या एकमेकींवर कोसळून रडत होत्या
आणि मी कुडकुडत होते,
न हललेलं अंग फार गार पडतं.

नोकरीच्या अर्जाला खेळाडू कोटा होता.
खिडकीतला माणूस वाईट नव्हता.
यादीवरून दोनदा बोट फिरवलं, म्हणाला,
मॅडम, नुसतं हॉकी लिहू का? बसून जाईल.
मागे रांग होती. आईला फोनवर सांगून झालं होतं.
मी म्हटलं, आइस पण लिहा.
मग नाही बसत.
नको बसू दे.
(हे शौर्य नव्हतं. चार वर्षं अठराशेनं भागलेली होती.)

आता त्या मजल्यावर उड्या मारायची जाळी आहे.
फ्रिडा ऑकलंडला. सर गेल्या मे महिन्यात गेले,
त्यांच्या शिट्टीची दोरी दुखंड्यांनी मागून घेतली.

पानावर सहाव्या सामन्याच्या जागी निळा डाग आहे.
घाम असेल. सर म्हणायचे, अंदाजानं टाक काहीतरी,
बेरीज तरी होईल.
नाही टाकलं.

ऑफिसात परवा सुर्व्यांनी कपाटाची किल्ली फेकली,
झेला, चुरी मॅडम.
माझा डावा गुडघा आधी फरशीला टेकला,
मग हात,
मग साडी सावरत मी त्यांना विचारलं,
बाहेर गेली ना?