डावी बाजू

गुरुवारी संध्याकाळी लडलो गावात
मेथडिस्ट चर्चच्या मागच्या शेडमधला हीटर लागतो
आणि आम्ही सहाजण आपापला ठोकळा घेऊन बसतो.
लाइमचं लाकूड, सोललेल्या बटाट्याच्या रंगाचं.
शिकवते ग्लेनिस प्यू. वय एकाहत्तर,
उजव्या अंगठ्याला कायम पट्टी.
पहिल्या दिवशी तिनं एवढंच सांगितलं :
लाकडाचा धागा पायांच्या दिशेनं उभा ठेव,
आडवा गेला की घोटा मोडलाच म्हणून समज.
आणि पायांमधलं लाकूड शेवटपर्यंत काढायचं नाही.

मी घोडा करतो आहे. वर माणूस.

मान पहिल्याच बैठकीत जमली.
आयाळ, गालफडाचं हाड,
लगामाच्या कडीपाशी ओठ दुमडतो ती सुरकुती.
ग्लेनिसनं चष्मा कपाळावर सरकवला.
मग ठोकळा फिरवला.
"ही बाजू कोणी केली? धाकट्या भावानं?"

खरंच. उजवीकडे घोडा नव्हता,
घोड्याच्या आकाराची उशी होती.

बसमध्ये मला हिशेब लागला.
नवव्या वर्षापासून एकोणिसाव्यापर्यंत
माथेरानच्या लाल धुळीत
मी रॉकेटच्या डावीकडून चाललो.
नाव रॉकेट, आणि दस्तुरी नाक्यापासून बाजारापर्यंत पाऊण तास.
त्याच्या उजवीकडे दरी असायची,
नाहीतर दुसऱ्याचं गिऱ्हाईक.

आणि स्वार?
त्याचे बूट मी डोळे मिटून कोरले होते.
रिकिबीत रुतलेली टाच, सुटत आलेली लेस,
पोटरीवर चढलेली पँट.
दहा वर्षं स्वार म्हणजे एवढाच.
त्याच्या वर नुसते आवाज :
हळू रे. फोटो काढ रे. चावतो का रे हा?
चेहऱ्याला पटाशी लावली तर हात पुढे जाईना.

रविवारी कॉर्व्ह नदीपलीकडच्या कुरणात गेलो.
कुंपणाला टेकून एक करडी घोडी उभी.
मी मुद्दाम तिच्या उजवीकडे गेलो.
ती माझ्याकडे वळली.
पुन्हा गेलो. पुन्हा वळली.
बराच वेळ आम्ही दोघं गोल फिरत होतो,
आणि कुत्रा फिरवणाऱ्या एका बाईनं
हवेबद्दल एक शब्दही न काढता वाट बदलली.
मिळाली शेवटी उजवी बाजू. फार वेगळी नाही.
बरगडीपाशी एक भोवरा, एवढाच काय तो फरक.

परतताना काळोख पडला,
आणि काळोखात आठवलं :
शेवटचं गिऱ्हाईक उतरलं की
खोगीर काढायचं, पाठीवर पोतं टाकायचं
आणि तबेल्यापर्यंत, अनवाणी,
मी वर.
तेव्हा कोणी बघत नसे. मीसुद्धा नाही.

गुरुवारी सगळ्यात बारीक पटाशी घेतली
आणि तीन आठवड्यांचे बूट उडवले.
लाकडात भर घालता येत नाही, कमी करता येतं,
आणि बुटाच्या आत पाय असतोच.
आधी रिकीब गेली. मग लेस, मग टाच.
अंगठा बाहेर आला. बाकीची बोटं फाकलेली.
बुटांच्या मापानं मांड्या उतरल्या, मग खांदे.
खोगीर झिजत झिजत पोत्याएवढं राहिलं.

ग्लेनिस खूप वेळ बघत होती.
"लहान झाला की हा."
"हो."
"किती वर्षांचा?"
"बारा. तेरा असेल."
"आणि घोड्याचा डावा कान असा का वळलाय?
तिकडे तर कोणीच नाही."

मी खाली वाकून भुसा गोळा करायला लागलो.
त्यात बूट होते, दोन्ही,
पण आता कुठली ढलपी कुठली, कोण सांगणार.

चेहऱ्यावर अजून नुसते पटाशीचे ओरखडे आहेत.
असू देत.
पुढच्या गुरुवारी पायांमधलं लाकूड काढायचंय.