फक्की

दिवसभर मी दुसऱ्यांचे वाढदिवस छापतो.
शहापुरात, फ्लेक्सच्या मशीनपाशी:
कडं घातलेले दादा, दादांच्या मागे वाघ,
वाघाच्या मागे सूर्योदय.
साडेनऊला शटर अर्धं खाली ओढलं
की माझी लीग सुरू होते.

आठ संघ. एकही खरा नाही.
मैदानं मात्र मापात.
लांबी एकशे पाच मीटर, रुंदी अडुसष्ट,
मधल्या वर्तुळाची त्रिज्या नऊ पूर्णांक पंधरा.
इथं खोटं चालत नाही.
खोटं फक्त गवत.

निपाणीला तंबाखूचं पान दिलं,
शिरा अशा, की झूम केलं तर ठसका लागावा.
खानापूरला भट्टीची कौलं,
गोलच्या तोंडाशी एकावर एक.
उद्यमबागेचं लोखंड अजून थंड व्हायचंय,
ते डाव्या बगलेवरून सांडत राहतं.
वडगावला धोटा,
या गोलपासून त्या गोलपर्यंत धावणारा,
मागे एकच पांढरा धागा.
बेळगावला कुंदा काढला होता,
हिरव्यावर तो शेणासारखा दिसला. खोडला.
आणि शिनोळीच्या मैदानावर
मी काहीच काढलं नाही.
तिथं मधली रेष आहे, तेवढी पुरे.

नावं कुठल्या लिपीत लिहायची
हा प्रश्न मी आधीच टाळलाय.
बाबा पेंटर होते.
एका उन्हाळ्यात त्यांनी एकाच दुकानाची पाटी तीनदा रंगवली,
डांबर पुसून, अक्षरं बदलून, पुन्हा डांबर पुसून.
तिन्ही वेळा पैसे मिळाले.
चौथ्यांदा मालक म्हणाला,
नाव राहू दे, नुसती चप्पल काढा.
ती चप्पल अजून आहे तिथं,
अंगठ्याचा रंग उडालाय, बाकी शाबूत.

रुद्रगौडा कटिंगच्या टेबलावरून उठून आला.
'एन माडाकत्ती?'
मी आठही मैदानं दाखवली, एकेक करून.
तो बराच वेळ बघत राहिला,
मग धोट्यावर बोट ठेवून म्हणाला,
'इथं गोलकीपर कोण?'

सहा महिने झाले होते मला.
सावल्यांचा कोन ठरवला होता,
कॉर्नरच्या झेंड्यांचा कापडी पोत ठरवला होता.
खेळाडू एकही नव्हता.
त्यानं दोन मिनिटांत हुक्केरीच्या मामाला उभं केलं,
'बाजारात ट्रकवरून पडणारी वांग्याची पोती झेलतो,
बॉल काय चीज आहे.'

रविवारी कॅम्पातल्या मैदानावर
इनासमामाच्या हातात डालड्याचा भोकं पाडलेला डबा,
डब्यात फक्की.
'गुडघा गेलाय बघ माझा.
कंप्युटरवर काढतोस नव्हं?
मग हितं काढ की.'

खुंटी ठोकली. सुतळी बांधली.
टेप नव्हती, बारा पावलं धरली.
तांबडी माती, वर बारीक खडे,
आणि इथं मागे घ्यायचं बटण नाही.
वर्तुळ जिथून निघालं तिथं परत आलंच नाही,
वीतभर हुकलं.
मामा म्हणाला, 'असू दे. वाऱ्याला जायला वाट नको?'

डब्यात मूठभर उरली होती.
कुणी बघत नाही असं बघून
मी वर्तुळात एक धोटा काढला,
वाकडा, एका बाजूनं जाड.
मग शिट्टी झाली
आणि बावीस पोरं त्याच्यावरून गेली.

हाफटाइमला तिथं नुसतं भुरकट काहीतरी होतं.
पाण्याच्या बाटलीपाशी बसलेल्या एका पोराच्या गुडघ्यावर
धोट्याचं टोक तेवढं आलं होतं.
त्यानं थुंकी लावून ते पुसलं,
खाली खरचटलेलं निघालं,
तेही पुसून बघितलं.