मजकूर तपासून घ्यावा

शहाद्याच्या बस स्टँडसमोर माझं दुकान.
बाहेर कंडक्टर ओरडतो, सुरत सुरत सुरत,
आत मी 'आमचे येथे श्रीकृपेकरून' टाइप करतो,
एरवी दिवसाला चार वेळा, लग्नसराईत अकरा.

रतिलाल आप्पा पोराचं लग्न काढून आले.
यशोदीप, मुक्काम विनिपेग, कॅनडा.
पोरगी कोथरूडची, हे दोनदा सांगितलं.
भाऊ, मजकूर एकदम शुद्ध पाहिजे, म्हणाले,
व्याही लोक वाचतील.
आणि मग आवाज उतरवून:
तू वाचीसन देखी ले.

शुद्ध म्हणताना त्यांनी जीभ अशी उचलली
जशी पाहुण्यांसाठी वरच्या फळीवरची बशी.

रात्री यशोदीपचा फोन. तिकडे सकाळ, खिडकीत बर्फ.
काका, पोरांची ओळ आपल्या बोलीत टाका:
मना काकाना लगीनले येवानं हां.
टाइप केलं.
पाचांतल्या चार शब्दांखाली
कॉम्प्युटरनं लाल नागमोडी रेघ ओढली.

तो हसला. इथंही ओढतो, म्हणाला.
रंगाच्या स्पेलिंगात हे लोक एक यू जास्त लिहितात,
शेजाऱ्यांनी तो कधीच काढून टाकला,
आणि कॉम्प्युटर शेजाऱ्यांचा.
पिक्चर त्यांचे, चॅनल त्यांचे.
तुम्ही कोण विचारलं, तर आधी सांगतात,
त्यांच्यातले नाही.
मग जरा वेळ काहीच बोलत नाहीत.

तो जरा वेळ मला ओळखीचा वाटला.
पुण्याचे नाही. सुरतचे नाही. वऱ्हाडी? नाही हो.
सुरतेत मिलच्या दारावर आम्ही मराठी,
पुण्यात विचारतात, एमपीकडचे का?
धुळ्याचा पारा पाचावर उतरला की पेपरात येतो आम्ही,
मे महिन्यात भुसावळसोबत पुन्हा एकदा.
मग तुम्ही कोण?
मग वांग्याचं भरीत पुढे करायचं आणि सुटायचं.

एकदा पुण्यात, कागदाच्या दुकानात,
घाईत तोंडातून 'माले' निघालं.
काउंटरवरची बाई चिडली असती तर बरं होतं.
अय्या, म्हणाली, किती गोड बोलता!

हे यशोदीपला सांगायला तोंड उघडलं
आणि रुमल्या पावरा आठवला, धडगावकडचा.
मागच्या वर्षी, होळीनंतर,
मुलीच्या लग्नाचं कार्ड करायला दोन गाड्या बदलून आलेला.
वहीच्या पानावर दोन ओळी, त्याच्या बोलीतल्या,
पोरीनं लिहून दिलेल्या, निळ्या पेनानं.
मी वाचल्यासुद्धा नाहीत.
दादा, शुद्ध मराठीत टाकू, चांगलं दिसतं.
तो बरं म्हणाला. पैसे आगाऊ दिले.
कॉम्प्युटर बंद होता तेव्हा,
लाईट गेलेली होती.
रेघ तरीही ओढली गेली.

फोनवर यशोदीप विचारत होता,
काका, आवाज येतोय ना?
येतोय, म्हणालो.

प्रूफ आप्पांनी उभ्याउभ्या वाचलं.
बोट श्रीकृपेवरून मुहूर्तावर, मुहूर्तावरून कार्यालयावर,
खाली शेवटच्या ओळीशी थांबलं.
कोनी टाकी?
तुमच्या पोरानं.
आप्पांनी चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत लावला.
ओठ हलले, आवाज नाही, पण 'येवानं' कळलं.
कोथरूडच्या दोनशे कार्डांतून काढ, म्हणाले,
गावच्या तीनशेत राहू दे.

तीनशे छापून झाली, गठ्ठे बांधून ठेवलेत.
दोनशेंची प्लेट अजून केलेली नाही.
आप्पा रोज येतात, मी उद्या सांगतो,
आणि शटर अर्धं ओढून
जुन्या बिलबुकांतून एक वहीचं पान शोधत बसतो.
असेल कुठेतरी.
नाहीतर दिवाळीच्या रद्दीत गेलं.