शिडीवरून

धुळ्यात हातानं अक्षरं काढणारे आता दोघंच उरलो,
पारोळा रोडचा युनूस आणि मी.
बाकीचं फ्लेक्सवाल्यांनी खाल्लं.
पण मेडिकल कॉलेजच्या अधिष्ठाता मॅडम म्हणाल्या,
फ्लेक्स दोन उन्हाळ्यांत उडतो, विभागच गायब होतात,
ऑइलपेंटनं लिहा. पांढऱ्यावर निळं.

म्हणून मी चक्करबर्डीला, ओपीडीच्या दारात, शिडीवर.
अक्षरामागे सहा रुपये. काना-मात्रा फुकट.
औषधवैद्यकशास्त्र, आठ.
बालरोग चारच, पण डॉ. टिकाराम नेहते लांब नाव घेऊन आलेत,
आणि खिशात चिंचोके.
अस्थिरोगाचे डॉ. पिंजारी
माणूस आत यायच्या आधी त्याची चप्पल बघतात म्हणे,
टाच कुठून झिजलीय त्यावरून गुडघा सांगतात.
त्वचारोगाच्या कुवर मॅडम शहाद्याकडचे हात लांबूनच ओळखतात,
पपईच्या चिकानं बोटं सोललेली.
भूलशास्त्राच्या डॉक्टरांना जागेपणी फारसं कुणी पाहत नाही.
मेंदू-मज्जारोगापुढे जागा सोडा, हेडक्लार्क म्हणाला,
पद भरायचं आहे.
सोडली. कोऱ्या जागेचे पैसे मिळत नाहीत.

लोक बोर्ड वाचत नाहीत, मला विचारतात.
वर चढलेल्याला वरचं सगळं ठाऊक असतं
असं वाटत असावं.
"दादा, मना पोटमा दुखस, कोठे जाऊ?"
पहिल्या दिवशी मी सांगायचो, पेंटर आहे.
तिसऱ्या दिवशी बोट दाखवायला लागलो.
बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू.

मंगळवारी एक जण आला, पिंपळनेरकडचा,
पांढरी टोपी, सोबत कुणी नाही,
डाव्या हातानं जबडा धरलेला.
"दाढ का?"
थोडा विचार करून म्हणाला, "दाढच व्हई, भो."
मी ब्रशनंच दाखवलं, सरळ जा, मग डावीकडे,
दंतचिकित्सा, आठ नंबर.
आणि माझ्याकडच्या 'चि'ची वेलांटी पूर्ण केली.

ती वेलांटी सुकायच्या आत
कॉरिडॉरमधून एक मुलगी पळत आली,
हातमोजे तसेच, बोटांत दात बघायचा आरसा तसाच,
पायांत चप्पल नाही,
चाकाची खुर्ची ढकलत.
"सरका! ईसीजी! सरका!"
खुर्चीतला माणूस राखेच्या रंगाचा.
वळणावर टोपी पडली, माझ्या शिडीखाली.
डॉ. शेफाली बडगुजर.
तिचं नाव मी अजून लिहिलं नव्हतं.

संध्याकाळी ती टोपी न्यायला आली.
"वाचला," म्हणाली. "आयसीयूत आहे. टोपी मागतो."
मी डबा बंद केला, ब्रश पुसला, पुन्हा पुसला,
मग सांगितलं, मीच धाडला होता तुमच्याकडे.
रागावेल असं वाटलं.
तिनं टोपीवरचा निळा थेंब नखानं खरवडून पाहिला.
"त्यानं तोंड उघडलं," म्हणाली,
"आणि त्या बाजूला दाढाच नव्हत्या हो.
एकही नाही.
तरी म्हणतो, दाढच दुखतेय."
जाता जाता थांबली.
"पुढच्या वेळी घाम विचारा. डावा हात विचारा."
पुढच्या वेळी? मी पेंटर, मॅडम.
"हो. पण दारात तुम्हीच असता ना?"

दुसऱ्या दिवशी तिचं नाव लिहिलं.
'डॉ.' धरून नऊ अक्षरं, चोपन्न रुपये.
बिलात लावले. घर आहे मला.
'शे'ची मात्रा जरा लांबली, तशीच ठेवली.

आता कुणी विचारलं की शिडी उतरतो आधी,
समोर उभा राहतो.
"बाबा, घाम येस का?"
धुळ्यातला मे महिना.
सगळेच हो म्हणतात.