बिनफोडणीचं

नोव्हेंबरात हॅलिफॅक्सला सकाळचे सहा म्हणजे रात्रच.
पातेल्यात दोन मूठ तांदूळ, किसलेलं गाजर,
लाल भोपळ्याच्या फोडी सालासकट,
वर कोंबडीचा खिमा.
कांदा नाही, लसूण नाही, मीठ नाही.
तरी हात आपसूक मोहरीच्या डब्याकडे जातो,
झाकण उघडतो
आणि खजील होऊन परत येतो.

ब्रॅम्बल दारात उभी. उभीच राहते ती,
ग्रेहाउंडांना बसणं फारसं जमत नाही.
कानात हिरव्या शाईनं गोंदलेली अक्षरं.
कितव्या नंबरानं पळायची, कुणावर पैसे लागायचे,
मला माहीत नाही, तीही सांगत नाही.
आली तेव्हा केस कमी, खपल्या जास्त.
पिशवीतल्या गोळ्या खाई अन् रात्रभर खाजवी,
लाकडी फरशीवर पाय आपटत, टक टक टक.

भिंग घेऊन पिशवी वाचली.
'प्राणिजन्य पदार्थ', लिहिलं होतं.
कुठला प्राणी? कुठला पदार्थ?
ताटात काय वाढलंय असं पाहुण्यानं विचारावं
आणि आपण म्हणावं, अन्न.

मग शिजवायला लागले. मी, जिनं जन्मात
अंडंसुद्धा दुसऱ्याच्या घरी फुटताना पाहिलं.
मिर्झांच्या दुकानात पहिल्या दिवशी
काचेपलीकडे बोट दाखवलं नुसतं.
"कलेजी?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली.
आमच्यात त्याला काळीज म्हणतात,
आणि आईच्यालाही तेच.
आठवड्यातून दोनदा, बेतानं.
फार काळीज घातलं तर तेही बाधतं,
हे नंतर कळलं.

लहानपणी तव्यावरची शेवटची भाकरी कुत्र्याची,
जरा करपलेली, जरा जाडसर.
इथे पहिलं पातेलं तिचं. माझा चहा मागाहून.
सहा आठवड्यांत खपल्या गेल्या, पाठ चकाकली,
आणि मी फुगले.
टेकडीवरच्या रस्त्यात कुणी थांबलं की सांगायची,
घरचं आहे, सगळं घरचं.

फेब्रुवारीत मागचा पाय उचलून चालायला लागली.
डॉक्टर इमोजन, पोरगेलीशी, माझी वही उघडून म्हणाली,
किती घालता?
अंदाजानं, म्हटलं.
तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात
दोनशे चाळीस पोरांना वाढलं,
मिठाला कधी चमचा लावला नाही.
तिनं ऐकून घेतलं. मग वहीवर बोट ठेवलं,
गाजर, भात, खिमा, काळीज,
आणि रिकाम्या ओळीवर थांबली.
यात कॅल्शियम कुठे आहे?

अहो, मनापासून करते मी,
असं म्हणणार होते. त्या क्षणी इंग्रजी आठवलं नाही,
ते बरंच झालं.
मायेत कॅल्शियम नसतं.

परतताना बसमध्ये ती माझ्या बुटांवर मान टाकून झोपली.
कुणाला तरी रागवायचं होतं, कुणी सापडेना.

आता ओट्यावर काटा आहे, हरभऱ्याएवढं चुकलं तरी सांगणारा.
सांगलीहून आणलेल्या मिक्सरच्या छोट्या भांड्यात,
ज्यात दाण्याचं कूट होई,
अंड्याची टरफलं फिरवते, खरखर थांबेपर्यंत.
पांढरी पूड. रांगोळीसारखी.
अर्धा चमचा, सपाट, सुरीनं सारखा केलेला.
अंडी मी खात नाही,
म्हणून शेजारच्या डोरीनला सांगितलं होतं, एकदाच.

आज दार उघडलं तर पायरीवर
पुठ्ठ्याचं खोकं, सहा खळ्यांचं.
प्रत्येक खळ्यात धुऊन वाळवलेलं अर्धं टरफल,
आत आतलं पातळ पडदंही नाही,
बोटानं काढलेलं असणार, त्र्याऐंशी वर्षांच्या बोटानं.

ब्रॅम्बलनं खोकं हुंगलं, शिंकली.
मी खालची आच कमी केली.
मोहरीचा डबा आज
हातानं उघडला नाही,
का कुणास ठाऊक.