संत्र्याचा पाय

कळमन्यातून अर्धं कॅरेट आणलं मृगाच्या बहाराचं,
चुरीचा माल, लिंबाहून थोडा मोठा,
साल सैल, आत रस भरपूर.
दुकानदार म्हणाला, ज्यूसले नेता का ताई?
मी म्हटलं, पायासाठी.
त्यानं माझ्या चपलांकडे पाहिलं.

रात्री पंखा बंद करून बसले,
पंख्यानं मैदा उडतो.
एकेक फोड उघडायची, पांढरे दोरे सोडवायचे,
बी काढून वाटीत टाकायची.
बी शिजली की सगळं कडू होतं,
हे दोन पाय वाया गेल्यावर कळलं.
पहिला गायीनंही हुंगून सोडला.
दुसरा मीच खाल्ला, तीन दिवस, शिक्षा म्हणून.

शिक्षा हा शब्द उगाच आला नाही.

जानेवारीत एका बिलात मी दशांशाचं टिंब विसरले.
मानेवाड्याच्या एका शिवणकामवालीला
चौऱ्याऐंशी हजार सहाशे रुपये वीज.
ती खिडकीशी आली, रडली नाही,
नुसती बिल धरून उभी राहिली.
साहेबांनी विचारलं, एन्ट्री कोणाची?
लॉगिन भोयरचं होतं.
माझा संगणक बंद, म्हणून मी त्याच्या खुर्चीवर बसले होते,
तो चहा आणायला गेला होता, आम्हा सगळ्यांसाठी.
ठेकेदारानं त्याचे तीन दिवस कापले.
मी खणात स्टेपलर शोधत राहिले.

पहाटे चारला गोल ओव्हन लावला,
काचेला तडा गेलेला, तरी तापतो.
पीठ फ्रिजमध्ये दुधाच्या पिशवीशेजारी झोपवलं होतं.
वरून पट्ट्यांची जाळी विणली,
खाट विणतात तशी, एक वर, एक खाली.
एक पट्टी तुटली. तशीच ठेवली.

स्कूटीवर दोन पायांमध्ये पाय.
अजनीच्या पुलावर खड्डा आला
की उचलायचं सगळंच.

"पाय आणलाय," मी म्हटलं.
"कोणाचा?" बोरकुटे म्हणाले
आणि दुपारपर्यंत स्वतःच हसत राहिले.
नाकाडेबाईंनी विचारलं, अंडं हाय का? माझा गुरुवार हाय.
नाही म्हटल्यावर त्यांनी दोन तुकडे घेतले.
शाहीनचा रोजा. तिनं तिचा तुकडा डब्यात ठेवला,
झाकण लावता लावता थांबली,
"वास घेतला तर चालतं ना गं?"
आम्हालाच विचारलं तिनं,
आम्हीही सगळ्यांनी मान हलवली, जसं काही आम्हाला माहीत होतं.

भोयरला मोठा दिला, जाळी न तुटलेला.
पाठकोऱ्या बिलावर ठेवून तो खाऊ लागला.
मग थांबला.
दोन बोटांनी जिभेवरून काहीतरी काढलं
आणि एंटरच्या बाजूला ठेवलं.

बी.

एवढी रात्र, एवढ्या फोडी,
आणि ही एक, नेमकी तिथं.

तो काही बोलला नाही. उरलेलं संपवलं,
बोटं चाटली, पुढचं बिल उघडलं.
दिवसभर मी त्या बीकडे पाहत होते,
तांदळाच्या दाण्याएवढी, वाळत चाललेली.

साडेपाचला खिडकी बंद झाली.
मी रिकामा डबा घेऊन त्याच्या टेबलाशी गेले.
"भोयर, ते मानेवाड्याचं बिल.
ते टिंब माझं होतं."

"हौ," तो म्हणाला, स्क्रीनवरून नजर न काढता,
"मले माहीत हाय.
चहा घेऊन आलो न, तेव्हा खुर्ची गरम होती."
मग थोड्या वेळानं,
"चांगला झाला होता पाय. साखर कमी टाकत जा."

साहेबांच्या केबिनमध्ये दिवा चालू होता.
मी डबा खाली ठेवला,
ओढणीला हात पुसले. लोण्याचा वास काही जाईना.
तसाच घेऊन
दार वाजवलं.